मोटार पेट घेत नाही तेव्हा

गेल्या अंकात शिवणयंत्राच्या तक्रारींविषयी लिहिले होते. ते वाचून बडोदे, हैदराबाद आणि बेळगाव येथील काही वाचकांनी एकच मागणी केली आहे, की या सदरात एकदा जुन्या मोटारीविषयीही लिहावे. ऐन कामाच्या वेळी गाडी चालू होत नाही, तेव्हा मेस्त्री येईपर्यंत घरच्या माणसाने काय पाहावे, असा त्यांचा प्रश्न आहे. मागणी रास्त आहे. माझी पदवी कला शाखेची आणि व्यवसाय अनुवादाचा. यंत्रशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु या विषयाचा एक धडा गेल्या भाद्रपदात मला मामांच्या अंगणात मिळाला, आणि मामांना तो बराच महाग पडला होता. तोच येथे सांगतो.

मामा इंदूरला असतात. त्यांच्यापाशी १९८४ सालची अँबॅसडर आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी १९५७ च्या सुमारास बनू लागली आणि २०१४ साली ते उत्पादन थांबले. मामांच्या गाडीचे इंजिन १४८९ घन सेंटीमीटरचे, पेट्रोलवर चालणारे, साधे आणि सोशिक. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून मामांनी ती टिकविली आहे, आणि त्यामागे केवळ हौस नाही. मामींची मूत्रपिंडे दुबळी झाली असून आठवड्यातून दोन वेळा त्यांना डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते. अँबॅसडरची मागची बैठक उंच आणि ऐसपैस. आजारी माणसाला वाकावे लागत नाही, परतताना आडवेही होता येते. रिक्षातून आणले, तर मामी घरी आल्यावर तासभर बोलत नाहीत.

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी ही गाडी अडून बसली. इंजिन फिरे, पण पेट घेईना. मग सुरू झाली गॅरेजांची यात्रा. पहिल्या ठिकाणी नवी बॅटरी बसविली. गाडी दोन दिवस चालली आणि पुन्हा थांबली. दुसऱ्या ठिकाणी कॉइल बदलली. तीन दिवस चालली. तिसऱ्या ठिकाणी कार्बोरेटर उतरवून धुतला आणि त्याचे आतले सुटे भाग नवे घातले. त्यानंतर एकच दिवस. असे तीन आठवडे आणि अकरा हजार रुपये गेले. मामांच्या दोन्ही मुलांनी दूरध्वनीवरून एकच सल्ला दिला, “बाबा, आता ती गाडी काढून टाका.” मामांनीही मन घट्ट केले. भंगारवाल्याशी भाव ठरला; तो रविवारी येणार होता. मी गणपतीनिमित्त शुक्रवारी तेथे पोहोचलो, तेव्हा मामा गाडीच्या टपावरची धूळ पुसत होते. विकायची वस्तू कोणी इतक्या मायेने पुसत नाही.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी एका वृद्ध गृहस्थांना आणले. बसगाड्यांच्या दुरुस्तीत त्यांचा जन्म गेलेला. हातात एक लहान पिशवी. तिच्यात पक्कड, दोन पेचकस, फिलर गेज आणि दोन लांब तारा जोडलेला बारा व्होल्टचा एक छोटा दिवा. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी मामांना नीट बसवून विचारले, की पहिल्यांदा बंद पडली तेव्हा नेमके काय झाले? आवाज कसा होता? आदल्या दिवशी पाऊस होता का? तिन्ही गॅरेजांत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या गरजा थोड्या आहेत. त्याला कोणीतरी आधी फिरवावे लागते. हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणात मिळावी लागते. ती दाबली जावी लागते. आणि नेमक्या क्षणी तिच्यात ठिणगी पडावी लागते. गाडी चालू होत नाही, याचा अर्थ यांपैकी काहीतरी उणे आहे. कोणते, हे पाहण्याआधी भाग बदलणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता औषधे पाजणे होय. (ज्या नव्या गाड्यांत हा सारा कारभार संगणकाकडे असतो, त्यांची गोष्ट वेगळी. हे विवेचन कार्बोरेटरच्या गाड्यांपुरते समजावे: अँबॅसडर, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली व जिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.)

वृद्धांनी मामांना किल्ली फिरवावयास सांगितले. सेल्फ जोमाने फिरला. “बॅटरी चांगली आहे, तारा चांगल्या आहेत, सेल्फही चांगला आहे,” ते हिंदीत म्हणाले. पाच-सहा सेकंदांत बॅटरी निर्दोष सुटली; मात्र ज्या जुन्या बॅटरीवर पहिला आळ आला होता, ती त्या गॅरेजात केव्हाच मोडीत गेली होती.

ज्यांच्या गाडीत सेल्फ फिरतच नाही, त्यांनी येथेच थांबून पुढील पाहणी करावी. पुढचे मोठे दिवे लावावेत आणि एकाने दिव्यांकडे पाहत दुसऱ्याने किल्ली फिरवावी. दिवे मुळातच मंद असतील किंवा किल्ली फिरविताच विझू लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके धरत नाहीत. दिवे जसेच्या तसे तेजस्वी राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. दोष किल्लीकडून येणाऱ्या तारेत किंवा सेल्फच्या स्विचात आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; सेल्फ फिरत असताना ती साडेनऊच्या फार खाली जाऊ नये. परंतु बॅटरीला दोष देण्यापूर्वी तिच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी अवश्य पाहावी. टोके सोडवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्याने ती धुवावी, कोरडी करावी, खरवडून घट्ट बसवावी. ‘बॅटरी गेली’ म्हणून टाकलेल्या कितीतरी बॅटऱ्यांचा अपराध एवढाच असतो.

आणखी एक जागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही; म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारा एक जाड विणलेला पट्टा असतो. तो तुटला किंवा गंजला, की सेल्फ कुंथू लागतो. अशा वेळी परतीची वीज मिळेल त्या वाटेने जाते, आणि कधी कधी चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताला गरम लागते. ती गरम लागली, तर तो पट्टाच पाहावा.

बॅटरीपाशी काम करताना दोन पथ्ये पाळावीत. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने भडकतो. तेव्हा विडी-काडी दूर ठेवावी, आणि अंगठी, बांगडी, घड्याळ उतरवून ठेवावे. सांगाड्याला जोडलेले टोक आधी सोडवावे व शेवटी जोडावे. साठच्या दशकापर्यंतच्या ब्रिटिश वळणाच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आजच्या उलट. शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घेण्यापूर्वी आपल्या गाडीची पद्धत कोणती, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

आता पुन्हा अंगणात येऊ. वृद्धांनी एक प्लग खोलला, त्याचा वास घेतला आणि तो माझ्या हातावर ठेवला. तो पेट्रोलने ओला होता. “पेट्रोल येते आहे. जळत नाही.” कार्बोरेटरही निर्दोष सुटला.

प्लग ही फार बोलकी वस्तू आहे. बराच वेळ सेल्फ मारूनही तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला निघाला, तर पोहोचते आहे पण पेटत नाही, किंवा गरजेपेक्षा जास्त पोहोचले आहे. कोरड्या प्लगाचे कारण शोधताना पहिला प्रश्न विचारावयास लाज वाटू देऊ नये: टाकीत पेट्रोल आहे का? जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवून फसलेले सज्जन मला ठाऊक आहेत. त्यांपैकी एक प्रस्तुत लेखकच. टाकी भरलेली असेल, तर कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि सेल्फ मारावा. इंजिनाच्या फिरण्याबरोबर पेट्रोलच्या पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. आल्या, तर अडथळा कार्बोरेटरच्या सुईत किंवा बारीक छिद्रात आहे. न आल्या, तर एसी पंपाचा पडदा, त्याची जाळी किंवा टाकीपासूनची नळी तपासावी. ही परीक्षा चालू असताना जवळपास ठिणगी पडणार नाही याची खातरजमा करावी, इंजिन थंड असावे, आणि बाटली लगेच दूर न्यावी.

पंपाच्या पडद्याविषयी आज एक विशेष सांगणे जरूर आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबर या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. काही नळ्या व पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते पेट्रोल खराब होते. रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या घालून घ्याव्यात. खर्च थोडा आहे, आणि गळकी नळी गाडी बंद पाडते एवढेच नव्हे, ती आगही लावते.

वैशाखातली तक्रार निराळी. भर दुपारी बाजारात दहा मिनिटे उभी केलेली गाडी चालू होत नाही, आणि संध्याकाळी मुकाट्याने होते. येथे नळीतल्या किंवा पंपातल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ झालेली असते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. झाकण उघडे ठेवावे, पंपावर ओले फडके टाकावे आणि थोडा धीर धरावा. याला मेस्त्री लागत नाही.

चोक या शब्दाने अनुवादकाला नेहमी अडचणीत टाकले आहे. कोशात पाहावे तर ‘गळा दाबणे’. पण येथे तोच अर्थ बरोबर आहे! चोक ओढला की कार्बोरेटरात येणाऱ्या हवेचा गळा दाबला जातो, म्हणून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे पहाटे हे वाढीव पेट्रोल हवे असते. गरम इंजिनाला ते नको असते. सवयीने चोक ओढून, वर अ‍ॅक्सिलरेटर दहा वेळा दाबून, आपणच इंजिनाला पेट्रोलमध्ये बुडवितो. पेट्रोलचा उग्र वास आला, तर चोक आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरावा आणि सेल्फ मारावा; हवा आत जाऊन मिश्रण सुधारते. पाय वरखाली करू नये.

मामांच्या गाडीत पेट्रोल होते, फेराही होता. उरली ठिणगी. कॉइलमधून डिलकोकडे जाणारी जाड तार वृद्धांनी डिलकोच्या बाजूने काढली, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरले आणि सेल्फ मारावयास सांगितले. (प्लग परत बसविला होता आणि सांडलेले पेट्रोल पुसले होते, हे सांगितले पाहिजे.) निळी, चटचट वाजणारी ठिणगी यावयास हवी होती. काहीच आले नाही.

येथे थोडे मागे जाऊन ही ठिणगी होते कशी, ते पाहू. ही पद्धत १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केली; १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आला, तोही त्यांचाच. तोपर्यंत हँडल मारल्याशिवाय गती नव्हती. बॅटरीचे बारा व्होल्ट हवेतून उडी मारू शकत नाहीत. म्हणून ते कॉइलच्या जाड वेढ्यांतून सोडतात आणि ऐन क्षणी एकदम तोडतात. त्या तोडण्याने कॉइलच्या बारीक वेढ्यांत हजारो व्होल्टांचा झटका उत्पन्न होतो. हे तोडण्या-जोडण्याचे काम डिलकोतले पॉइंट करतात. शेजारी कंडेन्सर असतो. तो पॉइंटांवरची अनावश्यक ठिणगी गिळतो. तो बिघडला, की ठिणगी पिवळी व दुबळी पडते आणि पॉइंट जळून काळे होतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात हे पॉइंट प्रत्येक दोन फेऱ्यांत चार वेळा उघडतात. प्रवासभर ते किती वेळा उघडत असतील, याचा हिशेब करून पाहावा, म्हणजे त्यांच्यावरचा राग कमी होतो.

वृद्धांनी आता दिवा काढला. एक तार सांगाड्याला, दुसरी कॉइलच्या त्या बारीक टोकाला जेथून वीज डिलकोकडे जाते. सेल्फ फिरत असताना हा दिवा उघडझाप करावयास हवा: पॉइंट मिटले की विझावा, उघडले की लागावा. तो मुळीच लागला नाही, तर कॉइलकडे वीज येत नाही, किंवा पॉइंट कायम मिटलेले आहेत, नाहीतर ती तार कोठेतरी लोखंडाला टेकली आहे. मामांच्या गाडीत दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. म्हणजे वीज कॉइलमधून सुखरूप बाहेर पडत होती, पण पुढे तिला जमिनीची वाट मिळत नव्हती. आता दोषाला लपावयास वीतभरच जागा उरली.

डिलकोचे झाकण निघाले. पॉइंट स्वच्छ होते, नीट मिटत होते, गेजने अंतरही योग्य भरले. या जातीच्या डिलकोत ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. तरी दिवा लागलेलाच. मग वृद्धांनी आगकाडीच्या टोकाने आतली एक छोटी तार हलकेच ढकलली, आणि दिवा विझला. सोडली, लागला. ढकलली, विझला. मामा एकदम उठून उभे राहिले.

ती तार बोटभरही लांब नाही. पॉइंट ज्या तबकडीवर बसतात ती इंजिनाच्या ओढीने किंचित इकडेतिकडे फिरते आणि तिच्याबरोबर ही तार वाकते. चाळीस वर्षे वाकून तिचे आतले धागे तुटले होते. वरचे आवरण मात्र शाबूत. आता तिन्ही गॅरेजांचा उलगडा झाला. प्रत्येकाने काम करताना डिलकोचे झाकण काढले होते, तार थोडी हलली होती, धागे तात्पुरते टेकले होते, आणि जो भाग त्या दिवशी बदलला होता त्याला यश मिळाले होते. मेस्त्री लबाड होते असे मी म्हणणार नाही. गाडी चालू झाली, हा पुरावा त्यांनी पुरेसा मानला. पण जो दोष आपोआप जातो, तो आपोआप परत येतो.

नवी तार अनेक धाग्यांची व लवचीक हवी. ताठ तार पुन्हा लवकर तुटते. ती झाळून बसविण्यास वीस मिनिटे लागली. मामांनी किल्ली फिरविली, आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन बोलू लागले. मामी आतून दारापर्यंत आल्या होत्या. वृद्धांनी दोनशे रुपये घेतले आणि पोहे खाल्ले.

सगळ्यांच्या गाडीत हीच तार तुटलेली नसेल, हे उघड आहे. कॉइलच्या जाड तारेतून ठिणगी येते पण प्लगांपर्यंत जात नाही, तेव्हा डिलकोचे झाकण आणि त्याखालचा रोटर पाहावा. कोकणात किंवा मलबारात पावसाळ्यात आतून दमट झालेले झाकण कोरड्या फडक्याने पुसले, तरी पुष्कळदा गाडी चालू होते. झाकणाला केसाएवढी तडा गेली असेल, तर वीज तिच्यातून पळते, ते बदलावे. प्लगांच्या तारा काढण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे, आणि तारांची अदलाबदल झाली तर नवाच बिघाड उभा राहतो. बंदिस्त गॅरेजातल्या गाडीच्या तारांवर गणपतीच्या वाहनाचेही लक्ष असते. कुरतडलेल्या जागा टॉर्चने शोधाव्यात.

फेरा, पेट्रोल व ठिणगी तिन्ही असूनही इंजिन पेटत नसेल, तर ठिणगीची वेळ चुकली असेल किंवा सिलिंडरात दाब उरला नसेल. ते घरचे काम नाही. तेथे जाणत्या मेस्त्रीकडेच जावे. मात्र जाताना ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच न सांगता आपण काय काय पाहिले, ते सांगावे.

रविवारी ठरल्याप्रमाणे भंगारवाला आला. मामांनी त्याला चहा दिला, वर्षभराची रद्दी दिली, आणि झालेल्या खेपेबद्दल थोडे पैसेही दिले. सोमवारी मामी मागच्या बैठकीवर आडव्या होऊन घरी आल्या. गॅरेजवाल्याने परत दिलेली जुनी कॉइल अजून अगदी चांगली आहे. ती कापडात गुंडाळून मामांनी गाडीच्या डिकीत ठेवली आहे, आणि तिच्या शेजारी दोन तारांचा एक छोटा दिवा.